कुत्र्याचं शरीर स्वतःचंच रक्त फोडायला लागलं तर: पहिले तीन दिवस आणि पुढचे सहा महिने

चिमीची लघवी कोऱ्या चहासारखी दिसली आणि आमच्या गल्लीने एकमताने निदान केलं: कावीळ. शेजारच्या काकूंनी काविळीचं औषध देणाऱ्या गावाचं नाव सांगितलं. सासूबाईंनी पोराला उसाचा रस आणायला पिटाळलं. चिमी जिन्याखाली भिंतीला नाक लावून पडून होती. साडेआठ वर्षांची, बावीस किलोची, बाप लॅब्राडोर आणि आई आमच्या कोल्हापुरातल्या कसबा बावड्याची गावठी. नाव घेतलं की एकदा शेपूट आपटायची, तेवढंच.

तिला झाला होता इम्यून मेडिएटेड हिमोलिटिक ॲनिमिया, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला आयएमएचए. रोगप्रतिकारशक्ती बाहेरचे जंतू मारायचे सोडून स्वतःच्याच तांबड्या पेशी शत्रू समजून फोडत सुटते. पेशी फुटल्या की त्यातला रंग लघवीत उतरतो, डोळे पिवळे होतात. म्हणजे पिवळेपणा कावीळच असतो, पण मूळ दुखणं लिव्हरमध्ये नसून रक्तात असतं. या आजाराचं निदान नुकतंच झालं असेल आणि पुढे काय करायचं ते सुचत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. आठ महिने गोळ्या चारलेली बाई आहे.

आधी हिरड्या बघा, मग गाडी काढा

ओठ वर करून हिरड्या उजेडात बघा. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. चिमीच्या शिळ्या लोण्यासारख्या झाल्या होत्या. कुत्रं झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते घड्याळ लावून मोजा. ३० च्या वर जात असतील तर सकाळची वाट बघू नका. फिकट किंवा पिवळ्या हिरड्या, गडद लघवी, चार पावलांत धाप, यातलं काहीही दोन दिवस घरगुती उपायांवर काढण्यासारखं नाही. आम्ही काढला दीड दिवस. त्यातला अर्धा एका दवाखान्यात भुकेचं इंजेक्शन घेण्यात गेला. तिथे कुणी ओठ वर करून बघितलंच नाही.

निघताना दोन गोष्टी बरोबर घ्या. एक, गेल्या महिन्याभरात दिलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. दुसरी, खरं उत्तर. डॉक्टर विचारतात, "काय खाल्लंय हिनं?" आमच्याकडे रविवारचा उरलेला तांबडा रस्सा भातात कालवून चिमीच्या ताटलीत जायचा. सासूबाई डॉक्टरांसमोर गप्प बसल्या आणि मीही बसले, कारण घरची भांडणं दवाखान्यात कशाला. पण कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी खरोखर फुटतात आणि तो आजार वेगळा, त्याचा उपचारही वेगळा. शेवटी मी सांगितलं. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी स्लाइडवर त्या खुणा आहेत का ते पुन्हा एकदा तपासलं. नव्हत्या. तरी रस्सा तेव्हापासून बंद, पांढरासुद्धा.

स्टेरॉइडच्या आधी रक्त काढून घ्या

या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवा. स्टेरॉइड म्हणजे बिथरलेली प्रतिकारशक्ती दाबणारं, या आजारातलं मुख्य औषध. ते पहिल्यांदा टोचण्याआधी तपासणीसाठी रक्त निघालं पाहिजे. आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट आहे, आणि गोचिडीतून येणारे बेबेसिया आणि एर्लिकिया हे जंतू हुबेहूब असाच आजार उभा करतात किंवा तो सुरू करून देतात. नुसत्या स्टेरॉइडवर कुत्रं दोन दिवस टवटवीत दिसेल आणि आतला जंतू मोकाट सुटेल. "गोचीड तापाची पीसीआर पाठवूया का?" हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा. पीसीआर म्हणजे रक्तात जंतूचा अंश शोधणारी तपासणी. नमुना बाहेरगावी जातो आणि रिपोर्टला काही दिवस लागतात, म्हणून तोपर्यंत बरेच डॉक्टर डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक चालू करूनच ठेवतात. ती गोळी कोरडी गिळवू नका, अन्नाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

बाकीच्या तपासण्या ऐकायला अवघड, बघायला सोप्या. आमच्या डॉक्टरांनी काचपट्टीवर चिमीच्या रक्ताचा थेंब टाकला, त्यात सलाईनचे थेंब सोडले आणि पट्टी तिरकी करून मला दाखवली. लाल पाण्यात रव्यासारखे दाणे तरंगत होते. पेशी एकमेकींना चिकटल्या होत्या. मग त्यांनी केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीत रक्त भरून ती मशीनमध्ये गरागरा फिरवली. तळाला लाल भाग जेमतेम करंगळीच्या नखाएवढा, आणि वरचं पाणी हळद कालवल्यासारखं. त्या लाल भागाचं पूर्ण उंचीशी शेकडा प्रमाण म्हणजे पीसीव्ही. निरोगी कुत्र्याचं साधारण ३७ ते ५५ असतं. चिमीचं १४ होतं.

पुढचे सहा महिने तुमचं घर या एका आकड्यावर चालणार आहे, तेव्हा त्याची ओळख करून घ्या. माणसांच्या लॅबमधून फक्त हिमोग्लोबिन मिळालं तर त्याला तिनाने गुणा, अंदाज येतो. पण पेशी चिकटलेल्या असल्या की मशीनची मोजणी फसते, शिवाय ती मशीन माणसांच्या पेशींसाठी लावलेली असतात. म्हणून नळी फिरवून काढलेला पीसीव्ही आणि स्लाइड डोळ्याने बघणारा माणूस, यांच्यावर जास्त विश्वास ठेवा. स्लाइडवर स्फेरोसाइट दिसल्या, म्हणजे मधला फिकटपणा जाऊन गोळीसारख्या गोल झालेल्या पेशी, तर आयएमएचएचा संशय पक्का होत जातो. पोटाची सोनोग्राफीही सांगतील, कारण कधी आत दडलेली गाठ या सगळ्याला कारण असते. आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्यात ती टाळू नका.

पहिल्या दिवशी फक्त तीन दिवसांचा निर्णय

मी टेबलापाशी रडत होते आणि नवरा बाहेर फोनवर पैशांची जुळवाजुळव करत होता. डॉक्टर म्हणाले, "ताई, सगळा निर्णय आज घेऊ नका. तीन दिवस लढायचं का, एवढंच आज सांगा. चौथ्या दिवशी आकडा बघून परत बसू."

हे वाक्य मिळालं म्हणून आम्ही सावरलो. "वाचवायचं की सोडायचं" असा सवाल त्या रात्री कुणालाच झेपत नाही. त्याचे तुकडे केले की झेपतो: आधी तीन दिवस, मग दोन आठवडे, मग महिने. प्रत्येक टप्प्यावर थांबायची मोकळीक असते, आणि ती असल्यामुळेच पुढचा टप्पा सुरू करायला धीर येतो.

मात्र डॉक्टरांकडून खरं चित्र मागून घ्या. हा आजार जीवघेणा आहे. चांगले उपचार मिळूनही बरीच कुत्री जातात, आणि त्यातली बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. विशेष म्हणजे ती नुसत्या रक्तक्षयाने जात नाहीत, रक्ताच्या गुठळ्यांनी जातात. रक्त कमी झालेल्या कुत्र्याला गुठळी होईल हे मला पटेना, पण होतं तसंच. म्हणून क्लोपिडोग्रेलसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध सुरुवातीपासून लागतं. चिठ्ठीवर ते दिसलं नाही तर विचारा. प्लेटलेट फार कमी असतील तर ते मुद्दाम थांबवलेलं असू शकतं. दुसऱ्या बाजूला, पहिले दोन आठवडे काढलेल्या कुत्र्यांचं पुढचं भवितव्य बऱ्यापैकी चांगलं असतं.

रक्त चढवायचं का, हाही याच तीन दिवसांतला सवाल. नुसता आकडा बघून ते ठरत नाही. पीसीव्ही १५ च्या आसपास असून कुत्रं उठून पाणी पीत असेल तर थांबता येतं. धाप लागली असेल, मान उचलवत नसेल तर थांबता येत नाही. चढवलेलं रक्तही त्याच शरीरात फुटत राहतं, म्हणून तो इलाज मानू नका. स्टेरॉइडला काम सुरू करायला काही दिवस लागतात, तेवढी सवड त्याने मिळते. माणसाचं रक्त चालत नाही. आयती पिशवी हाताशी मिळेल असं धरून बसू नका, दाता तुम्हालाच शोधावा लागेल: २५ किलोच्या वरचं, वयाने एक ते आठच्या दरम्यानचं, लसी पूर्ण झालेलं, अंगावर गोचीड नसलेलं आणि शांत बसणारं कुत्रं. त्याचंही रक्त आधी तपासून घ्यायचं. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना सहसा जुळणीवाचून निभावतं, कारण माणसासारखी जन्मजात अँटीबॉडीची अडचण त्यांच्यात फारशी नसते. दुसऱ्यांदा मात्र जुळवून बघावंच लागतं. आम्हाला ताराबाई पार्कातल्या एका जर्मन शेफर्डने तारलं. त्याच्या मालकांना मी आजही 'दादा' म्हणते, आणि शेफर्डला दर राखीला उकडलेली अंडी जातात.

मोठ्या दवाखान्यात न्यावं का, हा विचार सगळ्यांच्या मनात येतो. कोल्हापुरातून शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय साधारण १८० किलोमीटर, पुणे २३० च्या आसपास, आणि मुंबईतलं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच्याही पुढे. तिथे तज्ज्ञ आहेत, सोयी आहेत. पण पीसीव्ही १२ पर्यंत उतरलेलं कुत्रं तीन-चार तास गाडीत हलवणं हाच एक धोका आहे. आधी इथे स्थिर करा, लागलं तर रक्त चढवा, फाइल फोटो काढून पुढे पाठवा, आणि मग न्यायचं का ते तिकडच्या डॉक्टरांना विचारा. दुसरा सल्ला चोरून घेऊ नका. आपल्या डॉक्टरांना सांगून घेतलात तर तेच चिठ्ठी लिहून देतात.

पैशाचं आणि रात्रीचं, दोन्ही बोला

खर्च कुठे जातो ते कळलं की भीती थोडी कमी होते. रोजच्या गोळ्या त्या मानाने स्वस्त. खिसा रिकामा होतो तो पहिल्या आठवड्यात: दवाखान्यात ठेवणं, रक्त, पुन्हा पुन्हा तपासण्या. डॉक्टरांना सरळ सांगा, "आमची ऐपत एवढी आहे, यात सगळ्यात जास्त उपयोगाचं काय?" यात कमीपणा काही नाही. पीसीव्ही आणि स्लाइड, गोचीड तापाचं औषध, प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड), क्लोपिडोग्रेल आणि घरी काळजी, एवढ्यावरही उपचार उभा राहतो. तो अपुरा असेल, पण बिनउपचार नक्कीच नाही. औषधांची मूळ नावं लिहून घ्या. प्रेडनिसोलोन आणि क्लोपिडोग्रेल ही माणसांचीच औषधं आहेत, जनऔषधी केंद्रात विचारा.

मेडिकलमध्ये एक गंमत होईल, तयारीत राहा. या आजारात प्रेडनिसोलोनचा डोस किलोला सुमारे २ मिलिग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ४० मिलिग्रॅम. फार मोठ्या कुत्र्यांना किलोमागे कमी देतात. आमचा नेहमीचा मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणाला, "वहिनी, माणसालाबी एवढं देत न्हाईत. निम्मं द्या." त्याच्या मायेपोटी डोस कमी करू नका. ठरवणार डॉक्टर.

आता रात्रीचं. पैशावर घराघरांत चर्चा होते, झोपेवर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते उपचार मध्येच सुटतात ते झोपेपायी. स्टेरॉइडवरचं कुत्रं बादलीभर पाणी पितं आणि त्या हिशोबाने मुततं. चिमीला रात्री साडेअकरा, दोन आणि साडेचारला बाहेर न्यावं लागायचं. पाणी तोडायचं नाही, ती चूक कुणी करू नका. भूक इतकी की तिने सासूबाईंच्या हातातली भाकरी ओढली, आणि कुत्र्याला घरात घेऊ नका म्हणणाऱ्या त्याच सासूबाई रात्री दोनची पाळी आपणहून करायला लागल्या. म्हणून पहिल्याच आठवड्यात कागद घेऊन बसा: गोळी कोण देणार, रात्री कोण उठणार, तपासणीला रजा कोण काढणार. एकटीच्या जिवावर हे सहा महिने निघत नाहीत.

घरात गोळ्या चालू असताना

स्टेरॉइड सकाळी, खाण्याबरोबर. मनाने एकदम कधीही बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं आणि कुत्रं कोसळू शकतं. सोबत मेलोक्सिकॅमसारखी वेदनाशामकं नकोत, आणि घरातलं ब्रुफेन तर कधीच नको. शी डांबरासारखी काळी दिसली तर पोटात रक्तस्राव आहे असं समजून फोन करा. अचानक धाप लागली, मागचे पाय गेले, तर गुठळी असू शकते. फोनही नको, सरळ निघा. कच्चं मांस, कच्ची अंडी बंद, कारण जंतूंशी लढायची ताकद आपणच दाबून ठेवलेली असते.

दोन महिन्यांनी कुत्र्याकडे एकदा नीट बघाल तेव्हा दचकाल: पोट सुटलेलं, पाय काटकुळे, डोक्याची हाडं वर आलेली. चिमी जिना चढायची थांबली. आजार परत आला या भीतीने मी तिला घेऊन धावले तर पीसीव्ही ३८. तो औषधाचा परिणाम होता, डोस उतरला तसा भरून आला.

प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, म्हणजे अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोस्पोरिन, प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून लागतंच असं नाही. आजार फार तीव्र असेल, आकडा रोज घसरत असेल, पुन्हा पुन्हा रक्त लागत असेल किंवा स्टेरॉइड सोसत नसेल तर ते जोडतात. अझाथायोप्रिन हळू चढतं आणि लिव्हर व पांढऱ्या पेशींवर नजर ठेवावी लागते, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी. मायकोफेनोलेटने जुलाब होतात. सायक्लोस्पोरिन महाग. या गोळ्या फोडू नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने हात लावू नये.

डोस उतरवणं हा सगळ्यात चिवट भाग. पीसीव्ही ३० च्या वर दोनेक आठवडे टिकला की साधारण पाव हिस्सा कमी करतात, मग दर तीन आठवड्यांनी तपासून पुन्हा पाव. मी प्रत्येक आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लाल पेनाने लिहीत गेले. १४, १९, १७, २२. त्या १७ च्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. नंतर पान उलटून पाहिलं तेव्हा कळलं की मधला एखादा आकडा खाली येणं म्हणजे सगळं संपणं नव्हे. रोजच्या रोज बघणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणून लिहून ठेवा.

कोल्हापूरकरांसाठी एक जादा सूचना. जुलै-ऑगस्टमध्ये घरात किमान वीस दिवसांच्या गोळ्या हव्यात. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली अशी बातमी दिसली की ४३ च्या धोका पातळीची वाट न बघता मेडिकल गाठा.

थांबायचं झालं तर

इचलकरंजीच्या माझ्या मैत्रिणीच्या कॉकर स्पॅनियलला हाच आजार झाला. या जातीत तो जास्त दिसतो. दोनदा रक्त देऊन चौथ्या दिवशी आकडा ११, आणि तो मान वळवून तिच्याकडे बघेनासा झाला. तिने थांबायचं ठरवलं. आमची चिमी वाचली म्हणून तिचा निर्णय चुकला असं मी मानत नाही, आणि कुणी तिला तसं बोललं तर ऐकूनही घेत नाही.

थांबण्याच्या खुणा डोकं शांत असताना लिहून ठेवा: सलग दोन दिवस न खाणं, ओळख न देणं, गुठळी होऊन फुप्फुसाला त्रास, दोन औषधं जोडूनही सतत घसरणारा आकडा, आणि हो, संपलेले पैसे. तेही कारण खरं आहे. डॉक्टर आधी पूर्ण भूल देतात आणि मग शेवटचं इंजेक्शन. जवळ बसता येतं का आणि घरी येऊन करता येईल का, ते आधीच विचारा. घरात मुलं असतील तर त्यांना खरं सांगा. "गावाला सोडलं" म्हणून सांगितलं की ती पुढच्या सुट्टीत गावाला जाऊन शोधतात.

बरं झाल्यावर

आजार उलटू शकतो. म्हणून गोळ्या बंद झाल्यावरही दर रविवारी सकाळच्या उजेडात हिरड्या बघायच्या, लघवीचा रंग बघायचा. गोचिडीचं औषध बाराही महिने, पावसाळ्यापुरतं नाही. लसींचं वेळापत्रक पूर्वीसारखं आपोआप चालू करू नका; कोणती, कधी, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि आपल्याकडे रेबीजचा धोका केवढा आहे तो त्यात धरा. जुनी फाइल दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगून ठेवा. नव्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी कानातल्या खाजेसाठी का असेना, तर टेबलावर चढवायच्या आधी सांगा: "हिला आयएमएचए होऊन गेलाय, शेवटची स्टेरॉइड अमुक तारखेला."